आभाळात जाणारा बार

धोंड्याचा महिना आला की लोकांना अनारसे आठवतात, मला मात्र एक बंदूक आठवते. निजामाच्या अमलात मी गेवराईकडे अमीन, म्हणजे ठाण्याचा फौजदार होतो. नावं कुणाची घेत नाही. त्या घरची नातवंडं आज सुखाने नांदताहेत.

गोदाकाठच्या एका बड्या जमीनदाराने धोंड्यासाठी जावयाला बोलावलं होतं. सासरे-जावई रानडुकरांमागे जाऊन संध्याकाळी परतले. जावई रांजणापाशी पाठमोरा पाय धूत होता, तेवढ्यात अंगणात बार उडाला आणि त्याच्या पोटरीत छर्रे घुसले. त्याला बैलगाडीतून बीडच्या दवाखान्यात नेलं. पाय राहतो की जातो, सांगता येत नव्हतं.

मालकाची जबानी अगदी ठाम होती. "अमीनसाहेब, मी बंदूक रिकामी करून गड्याच्या हाती दिली. आदल्या दिवशी जावयाने त्याला चारचौघांत शिव्या घातल्या होत्या. त्याने डाव धरून पुन्हा भरली अन् झाडली."

गड्याला आम्ही हवालातीत टाकलं. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा शाबीत झाला असता तर बिचाऱ्याची उमेदीची वर्षं खडी फोडण्यात गेली असती. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवरून हलायला तयार नव्हती.

आमचा जमादार तापट. "काहून झाडली बे? बोल!"

"म्या न्हाई झाडली, साहेब."

"मग कुणी?"

गडी खाली बघायचा. "त्यांचं मीठ खाल्लं हाय. मालकाला खोटं कसं म्हनू?"

गुन्हेगार सहसा दुसऱ्याचं नाव घ्यायला उतावीळ असतो. हा मात्र तोंडाला कुलूप लावून बसला होता. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मधल्या काळात मी बंदूक तपासायला घेतली. तसली बंदूक आमच्याकडे नवीनच होती. नळीखालचा लाकडी दस्ता मागे ओढून पुढे ढकलला की काडतूस आत चढायचं. मी झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर काढली, आत दुसरं काडतूस नाही हे पाहिलं आणि दस्ता पुढे लोटला. झालं! तो परत मागे येईच ना. बराच वेळ झटापट केल्यावर चापाच्या कडीजवळ हरभऱ्याएवढी कळ हाताला लागली. ती दाबली तसा दस्ता लोण्यासारखा मागे आला. पण तिथवर पोचायचं तर चापातलं बोट आधी बाहेर काढावं लागत होतं.

पंचनाम्यासाठी गावात गेलो तर चावडीवर एक म्हातारी कंबरेवर हात ठेवून उभी. वाड्यासमोर तिच्या शेळ्या असत. तिला गुन्ह्याशी काही देणंघेणं नव्हतं, तिची तक्रार वेगळीच होती.

"साहेब, मालक शिकारीहून आले की आभाळात बार टाकत्यात. गाव म्हनतं, मालक आले. माज्या शेळ्या दावं तोडून पळत्यात, त्याचं काय?"

"त्या दिवशीही टाकला?"

"न्हाई ना! त्या दिशी एकच बार झाला, त्यो बी वाड्यात."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाव ज्याला मालकाचा थाट समजत होतं, ती मालकाची अडचण होती!

तडक वाड्यावर गेलो. बंदूक रिकामी असल्याची पंचांसमोर खात्री केली, दस्ता पुढे लोटला आणि ती मालकाच्या हाती दिली. "त्या दिवशी कशी रिकामी केलीत, तेवढं करून दाखवा."

मालकाने दस्ता ओढला. हलेना. पुन्हा ओढला. कपाळावर घाम आला. मग सवयीने नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढला. खट! दस्ता सुटला. त्याला कळ ठाऊकच नव्हती. चाप ओढला की दस्ता सुटतो, एवढंच माहीत. भरलेल्या बंदुकीचा तोच बार आभाळात जायचा.

"आणि त्या दिवशी नळी कुठे होती, मालक?"

तो ओट्यावर मटकन बसला. "जावयाची घोडी बाराला बुजते, म्हणून तो म्हणाला, आज बार नको. मी दस्त्याशी झोंबत होतो. बोट चापातच होतं. सासऱ्याने जावयावर बार टाकला, हे व्याह्याला कोणत्या तोंडाने सांगू?" आणि एवढा मोठा माणूस लहान लेकरासारखा रडला.

गड्याला मी तिथूनच सोडायला सांगितलं आणि मालकाला घेऊन बीडला गेलो. पाय वाचला होता. मालकाने हात जोडून सगळं सांगितलं. जावई चक्क हसला.

"मामा, मला वाटलं माझ्या शिव्यांनी त्या माणसाला जीव घ्यायला लावलं. डोळ्याला डोळा लागत नव्हता. ते तुम्ही होतात, तर बरंच झालं म्हणा की!"

खरं सांगतो, मलाच हायसं वाटलं. निष्काळजीपणाचा खटला मालकावर झालाच, तो मी टाळला नाही. पण कुणी कुणाच्या जिवावर उठलं नव्हतं, आणि पोलिसाच्या नशिबी असे दिवस फार थोडे येतात.

या प्रकरणानंतर मी तक्रारदाराला 'सांगा' म्हणून थांबलो नाही, 'करून दाखवा' म्हणू लागलो. माणसाची जीभ पढवता येते, हाताची सवय पढवता येत नाही.

मालक गड्याची माफी मागायला स्वतः त्याच्या दारात गेला. गडी म्हणाला, "येतो की कामाला. पर आधी अमीनसाहेबाकडनं ती कळ शिकून घ्या."

ती मी शिकवली. पुढे कधी त्या गावावरून गेलो की म्हातारी लांबूनच हात करायची. तिच्या शेळ्या निवांत चरत असायच्या.