कायनेज नसलेल्या पेशींतही पट्टी

त्या अँटिबॉडीने माझा अख्खा उन्हाळा खाल्ला. मी तेव्हा दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करत होते आणि आईबाबांबरोबर सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते. माझं काम टी-पेशींवर होतं. शरीरात जंतू शिरले की या पेशींना बाहेरून इशारा मिळतो, आणि तो आत पोचवायला कायनेज नावाचं एक प्रथिन जागं होतं. जाग्या झालेल्या कायनेजला नेमकं हुडकून चिकटायचं, एवढंच त्या अँटिबॉडीचं काम. चिकटली की फिल्मवर काळी पट्टी, म्हणजे बँड, उमटते. म्हणजे इशारा दिलेल्या पेशींत पट्टी हवी, निवांत पेशींत नको.

मला दोन्हीकडे दिसत होती. सारखीच काळीकुट्ट.

"तुम्हारा हाथ अभी बैठा नहीं है," आमच्या गाइड मॅडम म्हणाल्या.

मग मी द्रावणं बदलली, धुणं वाढवलं, अँटिबॉडी आणखी पातळ केली. पट्टी ढिम्म. शेवटी अँटिबॉडी विकणाऱ्या कंपनीचा माणूस गुरुग्रामहून आला. घाम पुसत म्हणाला, "मैम, बाकी सब लैब में तो बढ़िया चल रही है. आपके सेल्स स्ट्रेस में होंगे."

पेशींचं मला माहीत नाही, मी नक्कीच होते. घरी आईने विचारलं, "आला का गं तुझा बँड?" तर मी तिच्यावरच खेकसले. ती बिचारी पुन्हा भाजी निवडायला लागली.

मग सुचलं, ज्या पेशींत हे कायनेज मुळातच नाही, त्यांत ही बया काय करते ते बघू. फरिदाबादच्या एका मैत्रिणीच्या लॅबमध्ये तशा पेशी होत्या. त्या थर्माकोलच्या डब्यात घालून मी मेट्रोने निघाले. तपासणीला जवानाने अडवलं.

"इसमें क्या है?"

"सेल्स हैं, भैया."

"कितने सेल? बैटरी अलाउड नहीं है."

त्याला टी-पेशी समजावून सांगेपर्यंत मागची रांग माझ्या नावाने बोटं मोडायला लागली.

ब्लॉट, म्हणजे ती फिल्मवरची चाचणी, झाला. कायनेज नसलेल्या पेशींतही तीच पट्टी, ठसठशीत. मॅडमनी फिल्म उजेडाकडे धरली. "ये तो किसी और चीज़ से चिपक रही है," म्हणाल्या. माझ्या हाताबद्दल अवाक्षर नाही.

कंपनीने बदली कुपी पाठवली. त्याच बॅचची. मी फोनवर सरळ मराठीतच ओरडले, "अहो, हे तेच आहे!"

"जी, मैम?"

दुसऱ्या कंपनीची अँटिबॉडी मागवली. तिची पट्टी फिकी होती, पण इशारा दिलेल्या पेशींतच दिसली. फरिदाबादच्या पेशींत काहीच नाही. मला रडू आलं, थोडं आनंदाचं, जास्त संतापाचं. कारण जुन्या अँटिबॉडीवर आमच्या एका सीनियरने बरंच काम केलं होतं आणि तो त्यावरचा पेपर छापायला पाठवायच्या बेतात होता. मॅडमनी तो थांबवला. सगळे प्रयोग पुन्हा करायचे ठरलं, आणि करणारी अर्थातच मी. निम्मे निष्कर्ष टिकले, निम्मे गळाले.

जुनी अँटिबॉडी त्या कंपनीच्या वेबसाइटवर अजून आहे, फक्त इशारा दिलेल्या पेशींत पट्टी दाखवणाऱ्या देखण्या फोटोसकट. मी सविस्तर तक्रार पाठवली होती. 'आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे,' एवढंच उत्तर आलं.