टेपवाल्या मावशी आणि अकरा रोपं

शाळेसमोरचं ते शिवणाचं दुकान आता राहिलेलं नाही. तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. गणवेशही हल्ली पिशवीत बंद होऊन तयार येतो. लहान, मध्यम, मोठा अशी तीनच मापं, जणू पोरं देवाघरून तीनच साच्यांतून पडतात. बरं झालं, हे बघायला टेपवाल्या मावशी नाहीत. त्यांनी त्या कारखानदाराला उभा करून त्याचीच छाती मोजली असती.

मावशींच्या गळ्यात सकाळपासून पिवळी टेप असायची. देवळात जातानाही ती काढायची त्यांच्या लक्षात राहत नसे. दुकानात दोन मशिनं, कापड बेतायचं एक उंच टेबल आणि एक कायदा: नावाची चिठ्ठी टाचल्याशिवाय कुठलंही कापड खाली ठेवायचं नाही. फ्रॉकला त्या आत तीन इंच दुमड ठेवत. "पोर वाढणार, कापड नाही वाढत," असं म्हणत. दरवर्षी ती दुमड उसवून देत, त्यामुळे अर्ध्या वस्तीतली मुलं किती आणि कधी वाढली हे मावशींना तोंडपाठ होतं. स्वतःचं मूलबाळ नव्हतं, पण कुणी हळहळलं की त्या म्हणत, "मला काय कमी? सगळ्यांच्या पाठी मीच मोजल्यात."

शाळेच्या मागं तेव्हा फुटक्या कौलांचा आणि विटांचा ढीग होता. मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या डोक्यात आलं, इथं तिसरीच्या मुलांची परसबाग करायची. त्यांनी फाटकावर कागद लावला: "मदत हवी आहे. चहा मिळेल." चहासाठी आले म्हणा की कशासाठी, पण चार माणसं आली आणि चिकटली. एक नळवाले काका. यांनी बसवलेला नळ गळला नाही असं कधी झालं नाही, म्हणून पोरं त्यांना गळकाका म्हणत. बागेत मात्र गळणारा नळच कामाला आला. दुसरा सुतारदादा, त्यानं मोडक्या बाकांच्या फळ्यांनी वाफे बांधले. तिसरे बँकेतून निवृत्त झालेले आजोबा. ते खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत, पण पाणी घालायच्या पाळ्यांचा तक्ता काय सुरेख लिहीत! आणि चौथ्या मावशी.

तो राडारोडा उपसायला महिना गेला. मग छत्तीस मुलांनी घेवड्याच्या छत्तीस बिया लावल्या. प्रत्येक रोपापुढं काडी आणि काडीला मावशींनी शिवलेली नावाची पट्टी. दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी मोजणी. मावशी गुडघ्यावर बसायच्या, टेपचं एक टोक मातीला, दुसरं शेंड्याला, आणि आकडा मोठ्यांदा सांगायच्या. वर्गाच्या वहीत तो लिहिला जायचा. पोरं श्वास रोखून उभी राहायची. मधल्या सुट्टीत भांडण झालं तरी "मावशींच्या टेपची शप्पथ" घेतली की मिटायचं. काय दिवस होते ते! आठवड्याचे सहा दिवस मावशी शिवत असत, पण जगत असत त्या शनिवारच्या तासाभरात. हे त्यांनीच एकदा सुतारदादाला सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर उगाच त्याच्यावर खेकसल्या होत्या.

टेपचं मातीकडचं टोक धरायला एक मुलगी असायची. घरचे तिला गमतीनं मैना म्हणत, कारण ती बोलतच नसे. शिक्षकांनी विचारलं तरी मान हलवायची. मावशींशी मात्र ती दोन-चार शब्द बोले. "धरलं." "सोडू?" मावशींना तेवढंही पुष्कळ होतं.

आता चूक कुठं झाली ते ऐका. चूक प्रेमापोटीच झाली, आणि तसल्या चुका निस्तरायला फार जड जातात.

तिसऱ्या आठवड्यात एका मुलाचं रोप मेलं. रविवारी बागेत हे चौघंच होते. गळकाकांना त्या मुलाचा चेहरा दिसायला लागला. सुतारदादानं आपल्या घराच्या गच्चीवर डब्यांमधून जास्तीची रोपं लावली होती, त्याच दिवशीची, त्याच बियांची. मावशींनी त्यातलं एक निवडलं. शनिवारचं माप वहीत होतंच. तेवढ्याच उंचीचं, तेवढ्याच पानांचं रोप त्यांनी मेलेल्याच्या जागी असं बसवलं की कुणाच्या बापाला कळलं नसतं. "रफू केलं समजा," त्या म्हणाल्या, आणि चौघंही खूश होऊन चहा प्यायले.

मग चटकच लागली. पुढचे कित्येक रविवार रफू चालू होतं. एकूण अकरा रोपं बदलली गेली. तिसरीतल्या पोरांना वाटायचं, आपल्या बागेत काही मरतच नाही. मावशींना मेलेली रोपं फेकवेनात. मुळांसकट हलकेच उकरून, कापडाच्या तुकड्यात गुंडाळून त्या दुकानातल्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवत. आणि सवयीप्रमाणे प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचत.

अकरावं रोप मैनाचं होतं.

ते बदललं त्यानंतरच्या शनिवारी मोजणीला मैना आली नाही. पायरीवर पाठ करून बसली. टेपचं टोक दुसऱ्याच मुलीनं धरलं आणि वाकडं धरलं. मोजणी उरकून मावशी तिच्याशेजारी जाऊन बसल्या.

"काय गं, रुसलीस होय?"

मग मैना म्हणाली, "ते माझं नाही."

"कोण म्हणतं?"

"मी बी लावताना खाली बटण ठेवलं होतं. तुमच्या दुकानातलं निळं. बी एकटं राहू नये म्हणून." तिनं एक बोट दाखवलं, नखात माती होती. "पानं वेगळी वाटली म्हणून सोमवारी उकरून बघितलं, आज पुन्हा. बटण नाही."

मावशींचा हात गळ्यातल्या टेपकडं गेला. मैनानं पुढचं विचारलं ते अगदी सरळ, भांडण नसल्यासारखं. "मग टेप पण खोटी का?"

इतकं सगळं ती पोर मावशींशी पहिल्यांदाच बोलली होती, आणि शेवटी विचारलं ते हे.

संध्याकाळी दुकानात चौघं जमले. मावशी म्हणाल्या, "मी मुलांना सगळं सांगणार आहे."

"कशाला हात दाखवून अवलक्षण?" बँकवाले आजोबा म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. एका पोरीला कळलंय, तिला दुसरं बटण द्या."

"अहो, छत्तीस पोरं रडतील," गळकाकांचा आवाज आधीच ओला झाला होता. "मोठ्या बाई म्हणतील, असली माणसं नकोत मला. बाग जाईल हातची."

सुतारदादा मशिनवर पडलेला धागा बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "मावशी, पोरांनी तुमच्याकडं पाठ फिरवली, तर?"

हीच भीती होती. मावशींना बागेची एवढी पर्वा नव्हती, परसबागा पुन्हा होतात. पण शनिवारी आपण आकडा सांगावा आणि पोरांनी एकमेकांकडं बघावं, हे त्यांना सोसवलं नसतं. त्यांनी तसं कबूलही केलं. "फिरवली तर फिरवली. पण आता मी आकडा सांगताना माझीच जीभ अडते, त्याचं काय करू?"

पुढच्या शनिवारी त्या एक गाठोडं घेऊन आल्या. मुलं वाफ्यांभोवती उभी होती, मोठ्या बाई दारात. मावशींनी बाकावर गाठोडं सोडलं आणि फार शब्द न वापरता सांगून टाकलं: अकरा जणांची रोपं मेली होती, आम्ही ती लपवली, दुसरी लावली, आणि चुकलो. मग एकेक चिठ्ठी वाचत अकरा नावं घेतली. कुणी हुंदका दिला, कुणी ओरडलं, "म्हणजे माझं सगळ्यांत उंच आलंय ते खोटं?" एकजण आपलं रोप खरं निघालं म्हणून नाचायला लागला, त्याला शेजारच्यानं चिमटा काढला. गळकाका नळापाशी तोंड धूत होते, बराच वेळ. मोठ्या बाई पायऱ्या उतरून मुलांमागं येऊन उभ्या राहिल्या.

मैना पुढं आली. तिनं आपल्या नावाच्या चिठ्ठीची टाचणी काढली, तुकडा उलगडला. आत वाळून तपकिरी झालेलं रोप होतं. ती बघत राहिली. मावशींना वाटलं, आता ही जाणार, आणि आपणही घरी जावं.

मैनानं ते बाकावर ठेवलं. "मोजा ना."

"अगं, ते मेलंय."

"मोजा."

मावशींनी टेप काढली. मैनानं टोक धरलं, नेहमीसारखं, जिथं माती संपायची तिथं. "साडेसहा," मावशी म्हणाल्या.

मैनानं टोक सोडलं नाही. दुसऱ्या हातानं तिनं वाळलेली मुळं हळूच सरळ केली आणि त्यांच्याकडं बोट केलं. इतके शनिवार गेले, पण तिकडचं कुणी मोजलंच नव्हतं. मावशींनी टेप फिरवली, खाली वाकल्या, डोळे पुसून पुन्हा वाकल्या.

"नऊ," त्या म्हणाल्या. "खाली नऊ इंच होतं गं."

वहीत मुळांसाठी रकाना नव्हता. मैनानं पट्टी घेऊन तो आखला. मान वर करून बघितलं तर बाकापुढं रांग लागली होती. दहा मुलं, प्रत्येकाच्या ओंजळीत कापडाचा तुकडा. मावशींनी पुढच्याला जवळ घेतलं, आणि त्या शनिवारी जिवंत रोपं मोजायची राहूनच गेली.