राहीचे चार वाटे

विनिताबाईंची अंगणवाडी नागावच्या पलीकडच्या कोळीवाड्यात आहे. माहेर माणगावकडचं, भातशेतीवाल्यांचं. पण इथे येऊन त्यांना बावीस वर्षं झाली. दारातून आत येणाऱ्या पोराची चाल बघून ते सकाळी जेवून आलंय की नाही, हे आपण सांगू शकतो, असं त्या सांगत, आणि बहुतेक वेळा ते खरंही निघे. त्यामुळे वाड्यात बाईंचा शब्द शेवटचा. पोराला यंदा पहिलीत घालायचं की अजून वर्षभर थांबवायचं, हे घरचे त्यांनाच विचारत.

राही ही मासळी विकणाऱ्या नीराबाईंची नात. बोलायची मोजकंच. काही विचारलं तर जमिनीकडे बघायची. वर्षअखेरचा तक्ता भरताना बाईंनी तिच्यापुढे बारा ठोकळे मांडले, चार मोठे आणि आठ लहान. "मोठे एकीकडे ठेव, लहान एकीकडे." राहीने ते नीट न्याहाळले आणि सगळे मिसळून चार ढीग घातले. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. बाईंनी लिहून टाकलं: लहान-मोठं कळत नाही, आणखी एक वर्ष थांबवावे. हात जरासुद्धा अडखळला नाही.

दुपारी त्या नीराबाईंना सांगायला गेल्या. म्हातारी बांगड्यांचे वाटे लावत बसली होती.

"तुमी म्हनता तर थांबवू," ती म्हणाली. "पर तिच्या बरोबरीच्या समद्या जातील. एकटी ऱ्हाईल पोर."

ती भांडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यांची नजर तिच्या हातांकडे गेली. प्रत्येक वाट्यात एक मोठा बांगडा आणि दोन लहान.

"मोठे वेगळे का नाही लावत?"

"समदे मोठे एकात घातले तर बाकीचे वाटे कोन घेल? घरी राहीच लावते. माज्यापेक्षा बरोबर."

बाईंना स्वतःचीच लाज वाटली. बावीस वर्षं याच वाट्यांवर घासाघीस केली, आणि पोरीने डोळ्यांसमोर बारा ठोकळ्यांचे चार सारखे वाटे घातले तर दिसले नाहीत! डोळे सगळे कागदावर.

पण त्या लगेच खोडायला धावल्या नाहीत. दोनदा सांगूनही पोरीने ऐकलं नाही, हेही खरंच होतं. मग आठवडाभर त्यांनी राहीला काहीच विचारलं नाही, नुसतं बघितलं. ती लंगडीत कुणाला हार जात नव्हती. खाऊ वाटताना कुणाला कमी पडू देत नव्हती. रडणाऱ्या पोराजवळ जाऊन बसायची. आणि मागून हाक मारली की पाचातल्या तीन वेळा वळतच नसे. समोर बसवून, तोंडाकडे बघायला लावून सांगितलं, तेव्हा तिने ठोकळे झटक्यात वेगळे केले.

बाईंनी जुना शेरा रेघ मारून खोडला. कागद बदलला नाही. नवीन लिहिलं: सारखी वाटणी पक्की. बोलणं वयाच्या मानाने कमी. कान अलिबागला तपासून घ्यावेत, शाळेत पुढे बसवावे. पहिलीत पाठवावे.

नीराबाईंना सगळं वाचून दाखवलं. म्हातारीने खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "हितं काय चुकलं व्हतं पोरीचं?"

"पोरीचं नाही," विनिताबाई म्हणाल्या. "माझं."