दारातली गोणी
परवा बो बासें शहरात रस्त्यावर डांबर ओतत होते, तो वास नाकात शिरला आणि भावाची टॅक्सी आठवली. सत्तरीचं दशक सरत आलं होतं, आम्ही बेटावरच्या बों अक्योय या उसाच्या गावात राहायचो. भावाने गाडीत कॅसेट-प्लेअर बसवला, पण ढोलकी सुरू झाली की दारांचे पत्रे खडखडायचे. म्हणून त्याने दारांचे आतले पुठ्ठे काढले, पत्र्याला डांबर फासलं आणि वर गोणपाट दाबून पुठ्ठे परत बसवले. ‘बघ, दार कसं गुपचूप लागतं,’ तो गाणं लावून मला दाखवत होता, तेवढ्यात बा ऊस तोडून घरी आला. भिंतीवरच्या खिळ्याला आईची गोणी नव्हती. शेतात जाताना आई ती कमरेला गुंडाळायची. ती वारल्यापासून त्या खिळ्याला कुणी हात लावला नव्हता. ‘तुझ्या आयची गोणी कुठं हाय?’ बा गरजला. ‘फाटकी व्हती, बा. दारात घातली.’ बाने त्याला गचांडी धरून गाडीबाहेर ओढलं, थोबाडीत दिली आणि सगळ्या ताकदीनिशी दार आपटलं. भावाची बोटं चौकटीवर होती. नुसतं धप्प झालं. भाऊ गुरासारखा किंचाळला. आत ढोलकी वाजतच राहिली. बाने दार उघडलं, कोयत्याने पुठ्ठा फाडला, गोणी उपसली आणि डांबर न लागलेल्या बाजूने तो रक्ताळलेला हात करकचून बांधला. बांधताना बाच रडत होता, बोटं दिसली नाहीत म्हणत होता. मला दिसली होती. मी ओरडले असते तर तो थांबला असता. पण ती गोणी माझ्याही आईची होती.