टाकीतलं मीठ

खोटं कायले सांगू, त्या आठवड्यात भनपुरीचा रस्ता लागला की मले परत फिरावंसं वाटायचं. तिथल्या एका छोट्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर अ‍ॅनोडायझिंग होतं. पट्ट्या क्लिपांनी अ‍ॅसिडच्या टाकीत टांगायच्या, वीज सोडायची, की वर कडक थर चढतो. थर बिघडला की जबाबदारी माझी. आधीचा माल डाग पडले म्हणून परत आला होता, अन् मालक म्हणाले होते, "मॅडम, अब की बार वापस आया तो आप घर बैठिए." घरात कमावणारी मी एकटी.

डाग सैल क्लिपांमुळे पडले होते. त्या मी बदलल्या, पण धडकी काही जाईना. आई म्हणाली, "काहून घाबरतं वं? कामाले नजर लागली, बस्स." तिनं जाडं मीठ अन् मोहरी पुडीत बांधून दिली. टाकीवरून सात वेळा ओवाळायचं, मीठ त्याच पाण्यात सोडायचं, विरघळलं की नजर गेली.

आता मी रसायनशास्त्र शिकलेली बाई! मीठ त्या टाकीचा वैरी, हे मले तोंडपाठ. पण माणूस भ्याला की अक्कल चरायला जाते. मोहरी बाहेर फेकली, मीठ टाकीत सोडलं. मूठभरानं काय होते? त्या दिवशी माल स्वच्छ निघाला, म्हणून दुसऱ्या दिवशीही सोडलं. तिसऱ्याही.

चौथ्या दिवशी पट्ट्यांवर सुईनं टोचल्यासारखी बारीक छिद्रं! टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन मीठ ओळखायचं सिल्व्हर नायट्रेट टाकलं, तर दोन थेंबांत दुधाळ झालं. मीठच. बाटली मालकांना दाखवावी लागली.

मालकांनी टाकीत पाणी भरणाऱ्या भैयाला धरलं. "बोर का खारा पानी डाला ना? कल से मत आना."

"मैं नइ डारे हंव, मालिक," म्हणत तो माझ्याकडे पाहून राहिला होता. त्याची चूक नाही हे मॅडम सांगतील, अशी त्याची खात्री.

गप्प राहिली तर कोणाले कळते? अन् तेवढ्यात माझाच आवाज माझ्या कानावर आला, "नमक मैंने डाला."

घरी आली. उद्यापासून जायचं नाही, हे आईनं चेहऱ्यावरच वाचलं. तिनं मिठाची मूठ भरली अन् माझ्यावरूनच ओवाळायले लागली. "कोणाची नजर लागली वं माझ्या पोरीले?"

मीठ तुझंच होतं, हे तिले सांगायची हिंमत मले अजून झाली नाही.