बारीक करंट

विजेला आमच्या विज्ञानाच्या सरांइतका भ्यालेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नाही, आणि ती वीज पोरांना शिकवायचं काम सरकारनं नेमकं त्यांच्याच गळ्यात मारावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मी त्याच शाळेत गणित शिकवायचो. मूळचा झरीचा, बदलीनं सोनपेठेत येऊन पडलेला. सोनपेठ तेव्हा तालुका झालं नव्हतं. गावात खांब आले होते, तारा आल्या होत्या, मधूनमधून वीजही यायची. सरांच्या घरात मात्र कंदील. तारेखालून एकदाही न जाता पोस्टात पोचण्याचा रस्ता साऱ्या गावात फक्त त्यांना ठाऊक होता, आणि तो रस्ता दोन उकिरडे आणि एका गोठ्यातून जात असे. तार ओलांडल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर भर पावसातही छत्री मिटून, भिजत पलीकडे जायचे आणि मग पुन्हा उघडायचे. "छत्रीची काडी लोखंडाची हाय, मास्तर. तिला कशाला आमिष दाखवायचं?" असं वर मलाच विचारायचे. रात्रीची बॅटरी जवळ बाळगायचे, पण तिच्यातले सेल काढून एक डाव्या खिशात आणि एक उजव्या खिशात. एकत्र ठेवले की ते आपसात काहीतरी शिजवतात, असा त्यांचा ठाम संशय होता. अंधारात ठेच लागल्यावर ते सेल शोधून, पुसून बॅटरीत घालीपर्यंत ठेच थंड झालेली असायची.

शिक्षकांच्या खोलीत एकच पंखा होता. तो सुरू झाला की सर आपली खुर्ची उचलून दारात, उन्हाच्या तोंडाशी नेऊन ठेवायचे. परभणीकडचा एप्रिल म्हणजे काय ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल; पण सर घाम पुसत म्हणायचे, "तुमचं वारं तुमालाच लखलाभ. मला आपली झळ बरी." विजेचा धडा जवळ आला की आठवडाभर आधीपासून त्यांचा आवाज खाली जायचा. फळ्यावर परिपथ इतका देखणा काढायचे की पुसायला जीव होऊ नये, पण त्यातली कळ नेहमी उघडी. एकदा एका आगाऊ पोरीनं उठून विचारलं, "सर, कळ दाबली की दिवा लागतो ना? मग एकदा दाबून दाखवा की!" सरांनी बोटांवरचा खडू झटकला. मग म्हणाले, "दाखवली असती गं, पण तास संपत आलाय." तास नुकताच सुरू झाला होता. चेष्टा व्हायची त्यांची, पण जपून व्हायची; या भीतीचं कारण सगळ्यांना माहीत होतं.

ते मला सरांच्या मायनंच सांगितलं. घरात ती आणि सर, दोघंच; लग्नाचं सरांनी पुढं नावच काढलं नाही. त्याआधी सरांचा धाकटा भाऊ होता, तो शेती बघायचा. गव्हाला पाणी द्यायचे दिवस होते, विहिरीवरच्या मोटारीची पेटी उघडली आणि त्याचा हात तिथंच चिकटला. तेवढ्यात गावची वीज गेली म्हणून तो सुटून खाली पडला. माणसं धावली, सर धावले, माय धावली. आमच्या भागात करंट लागलेल्या माणसाला गळ्यापर्यंत मातीत पुरायचे. माती करंट ओढून घेते म्हणून. सरांनी टिकाव घेऊन खड्डा काढला. मायनं दोन्ही हातांनी माती लोटली, पायांनी दाबली, कुठं फट राहू दिली नाही. धाकटा गेला. हे सगळं सांगताना म्हातारीच्या डोळ्याला पाणी येत नसे. ती ताठ बसून म्हणायची, "करंटच लय मोटा होता, मास्तर. त्याच्या म्होरं कुनाचं काय चालतंय? पर आमी काई कसर सोडली न्हाई." तिच्या आयुष्यात तेवढी एकच गोष्ट उभं राहायला उरली होती, की कसर सोडली नाही.

पुढं अभ्यासक्रम बदलला, आणि विज्ञान शिकवणाऱ्या सगळ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत परभणीला प्रशिक्षण घ्यावं असा हुकूम निघाला. प्रात्यक्षिकाची परीक्षा पार करायची, नाहीतर विज्ञान सोडून कवायत घ्यायची. सरांनी तोंड कडू करून मला सांगितलं, "मी कवायत घेतो." मी म्हटलं, "सर, तुम्हाला दहिने मुड करता येत नाही." विज्ञानाला माणसं कमी म्हणून गणितवाल्यांनाही जुंपलं होतं, तेव्हा मीच त्यांना ओढून घेऊन निघालो. नामांतराची वर्षं होती. कुठं मोर्चा, कुठं बंद, गाडी कुठं अडेल नेम नसायचा. गंगाखेडला एस. टी. थांबली ती दुपारपर्यंत हलली नाही. बाकीची माणसं काळजीत, आणि आमचे सर एकटे खुशीत. "बंद लांबंल का हो?" असं प्रत्येकाला विचारत हिंडत होते.

बंद काही लांबला नाही. पहिल्याच दिवशी तरुण, चष्मेवाल्या प्रशिक्षकांनी प्रत्येकापुढं दोन सेल, एक चिमुकला दिवा आणि तारा ठेवल्या. सरांनी बोटाला रुमाल गुंडाळला, त्यावर दुसरा रुमाल माझ्याकडून मागून घेतला, डोळे मिटले आणि तार टेकवली. "सर, डोळे उघडा," मी म्हटलं. दिवा लागला होता. त्या माणसाच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. पोळ्याच्या दिवशी बैल सजवून झाल्यावर घरधन्याच्या तोंडावर येतं तसं काहीतरी. "लागला की ओ!" म्हणाले, आणि सेल उतरेपर्यंत लावत-विझवत बसले. मग काय, गडी सुटलाच. होल्डर जोडला, फ्यूज बांधला, लाकडी पाटीवर अख्ख्या घराचं वायरिंग केलं. स्वतःच्या पैशानं टेस्टर घेऊन खिशाला लावला. आम्ही उतरलो होतो तिथला बंद पडलेला टेबलफॅन उघडून चालू केला आणि त्याच्यापुढं उघड्या अंगानं बसून म्हणाले, "मास्तर, इतकी वर्षं उगंच उकडून घेतलं." मला वाटलं, झालं, माणूस बरा झाला. आता घरी दिवा येणार, माय सरांना ओवाळणार, मी शेवयाची खीर खाणार.

शेवटच्या आठवड्यात अपघाताचा पाठ होता. करंट लागलेल्याला हात लावू नये, मेन बंद करावा, कोरड्या लाकडानं बाजूला करावं. श्वास थांबला असेल तर तोंडाला तोंड लावून द्यावा, माणूस परत येऊ शकतो. प्रशिक्षकांनी करून दाखवलं. एवढ्या दिवसांत एकदाही प्रश्न न विचारलेले आमचे सर उभे राहिले. "आमच्याकडं मातीत पुरतेत. त्यानं करंट उतरतो का?" प्रशिक्षकांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! फळा पुसता पुसता ते म्हणाले, "छे हो. उलट छातीवर मातीचा भार येतो. असलेला श्वासही कोंडतो. वाचणारा असेल तोही जातो. काय काय करतात लोक!" वर्ग हसला. सरही हसले. ते त्यांचं हसणं मी अजून विसरू शकत नाही.

संध्याकाळी स्टेशनच्या बाकावर आम्ही बसलो होतो. मनमाडची गाडी येऊन गेली. मग सर म्हणाले, "गरम होता ओ तो. पडला तवा अंग गरम होतं. मी पाहिलं होतं." मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत होतं तेव्हा, सगळेच तसं करतात. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. "खड्डा म्या काढला. पर माती मायनं लोटली, मास्तर. तिच्या हातानं." माझं मनगट धरून म्हणाले, "तिला कळलं तर ती जगायची न्हाई. करंटाला इलाज असतो, हे तिला कळता कामा नये." परीक्षेत ते सगळ्यांच्या वर आले. प्रमाणपत्र घेताना टाळ्या पडल्या, आणि सरांनी तो कागद असा धरला होता की जणू कुणाच्या तरी मयताची चिठ्ठी.

त्यानंतर आमचे सर दोन झाले. शाळेतले सर पंखा दुरुस्त करायचे, प्रयोगशाळेत पोरांकडून तारा जोडून घ्यायचे, तारांखालून छाती काढून चालायचे. घरचे सर पूर्वीइतकेच भित्रे. शाळा सुटली की आधी माझ्या घरी यायचे, खिशातला टेस्टर काढून माझ्या बायकोकडे द्यायचे आणि मग घराकडे वळायचे. वायरमननं फुकट जोडणी देतो म्हटलं, तर मायच्या देखत हात जोडून "नको बाबा, तो राक्षस घरात नको" म्हणाले. करंट राक्षस राहिला, त्याच्यापुढं कुणाचंच चालत नाही असं राहिलं, तरच म्हातारीला झोप येणार होती. गावाला हे कुठं ठाऊक? गाव म्हणायचं, शाळेत वाघ आणि घरी शेळी. सर ऐकून घ्यायचे. कंदिलाच्या उजेडात सुईत दोरा ओवताना म्हातारीचे डोळे फुटायची वेळ आली, तरी दिवा न घेता ते तिच्याशेजारी बसून स्वतः दोरा ओवून द्यायचे. मला त्या घरात जाऊन बसवत नसे.

हे असंच चाललं असतं. पण एका बाजारच्या दिवशी पिठाच्या गिरणीत गिरणीवाला मोटारीला चिकटला. सर जोंधळ्याचा डबा घेऊन रांगेत होते, मी त्यांच्या मागं. मला काही सुचायच्या आत त्यांनी मेनची मूठ खाली ओढली होती. गिरणीवाला पडला, निळा पडलेला, श्वास नाही. लगेच ओरडा झाला, "माती आना! खड्डा काढा रे!" दोघं जण फावडी घेऊन धावले. सर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "माती नको! खबरदार कुनी माती घातली तर!" आणि गुडघ्यावर बसून त्या तंबाखूनं बरबटलेल्या तोंडाला तोंड लावलं. किती वेळ गेला देव जाणे. गिरणीवाला खोकला. सगळा बाजार गोळा झाला, सरांना खांद्यावर घ्यायला लोक पुढं सरसावले, आणि सर पांढरेफटक पडून मला म्हणाले, "मायला कुनी सांगायच्या आत घरी चला."

कुठलं काय! आम्ही पोचलो तेव्हा दारात बायका जमल्या होत्या, आणि म्हातारीला सगळं हातवारे करून सांगून झालं होतं. आम्हाला बघून त्या पांगल्या. माय उंबऱ्यावर बसली होती. तिनं कौतुक केलं नाही. विचारलं, "बापू, त्याला मातीत का घालू दिलं न्हाईस?"

सर तिच्यापुढं खाली बसले. "माय, गिरणीतला करंट बारीक असतो. फुकून निघतो. हिरीवरचा मोटा. तिथं फुका, न्हाईतर माती घाला, काई केलं तरी मानूस ऱ्हात न्हाई."

म्हातारीनं माझ्याकडं मान वळवली. "मास्तर, तुमीबी त्याच शाळंला गेलते. असंच शिकवलं का तिथं?"

"असंच शिकवलं, माय," मी म्हटलं.

तिनं आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं. मग म्हणाली, "मंग त्या बारीक करंटाचा एक दिवा आपल्याबी घरात घे की. मला सुईत दोरा दिसंना झालाय." तिनं विश्वास ठेवला, की लेकासाठी ठेवल्यासारखं केलं, हे मला आजवर सांगता आलेलं नाही. सरांनी स्वतः वायर ओढून दिवा लावला. म्हातारी त्याच्याखाली बसून वाकळा शिवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना समजावायची, की घरातला करंट बारीक असतो, हिरीवरच्याला मात्र इलाज न्हाई. आणि आमचे सर तिच्या माघारी त्याच बायकांच्या घरी जाऊन, दारात उभे राहून, हळू आवाजात सांगायचे, "माय सांगती ते मनावर घेऊ नका. हिरीवर कुनाला लागला तरी श्वास द्या, मातीत घालू नका. पर तिला म्हणू नका." त्या बायकांनीही कधी तिला म्हटलं नाही. गावं वाईट म्हणतात, पण एवढं सोनपेठेनं पाळलं.

माय गेली त्याच्या पुढच्या वर्षी सर अपघाताचा धडा शिकवत असताना मी खडू मागायला म्हणून त्यांच्या वर्गाच्या दारात गेलो होतो. सर फळ्याजवळ होते, पोरं चिडीचूप. मला वाटलं, आता मोकळे होतील. आता लपवायचं कुणापासून?

"करंट लागलेल्या मानसाला मातीत घालू नका," ते म्हणाले. "माझ्या भावाला घातलं होतं. खड्डाबी म्या काढला आन् मातीबी म्याच लोटली. दुसरं कुनी न्हवतं तिथं."

मग ते फळ्याकडं वळले आणि धडा पुढं शिकवू लागले. खडू न घेताच मी माझ्या वर्गावर परत आलो.