पांढऱ्यात टाकलेला आवाज

आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात, एसीच्या गारठ्यात, भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना सगळे बॅकअपताई म्हणतात. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमधल्या फायलींच्या जादा प्रती काढून जपायच्या, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. दर सोमवारी कुठलीही एक प्रत काढून उघडून बघतात. "उघडून बघितली नाही ती प्रत नव्हेच," म्हणतात.

ताईंनी फायलींचे तीन वर्ग पाडले होते. गेली तर पुन्हा मिळणार नाही ती लाल. तिच्या रोज तीन प्रती, एक दुसऱ्या इमारतीत. पिवळीची आठवड्याला एक. पांढरी गेली तर गेली, तिची प्रतच नाही. कुठली फाइल कशात, ते त्या त्या विभागानं सांगायचं आणि इथेच तर घोडं पेंड खातं! विचारावं त्याचं लाल. पार्किंगवाल्यांची गाड्यांची यादीसुद्धा लाल! "अहो, सगळंच लाल म्हटलं की काहीच लाल राहत नाही," ताई कपाळाला हात लावायच्या. शेवटी गुडघे दुखत असताना फॉर्म घेऊन एकेक मजला चढल्या.

माझ्याकडे चारदा आल्या. मी तिसऱ्या मजल्यावर, आवाज गेलेल्या पेशंटना बोलायला शिकवते. चारही वेळा मी म्हटलं, "ठेवा ना ताई टेबलावर, बघते."

मग नवे साहेब आले. त्यांनी एका दुपारी नियम काढला: वर्ग फाइलच्या प्रकारावरून ठरणार. एक्स-रे लाल, पत्रं पिवळी, आवाजाच्या फायली पांढऱ्या. का, तर म्हणे स्टाफ गाणी साठवतो! ताई म्हणाल्या, "साहेब, नुसतं झाकण बघून डबा फेकू नका. आत काय आहे ते बघा." साहेब म्हणाले, "तुम्ही प्रती काढा, डोकं मी चालवतो." ताईंनी भांडून एवढंच पदरात पाडून घेतलं की ज्यांचा फॉर्म येईल त्यांचं ऐकायचं. आणि तक्रारीचे रेकॉर्ड केलेले फोन तेवढे लाल राहिले, कारण साहेबांना कोर्टाची भीती.

त्याच सुमारास कंडक्टरकाका आले. जन्मभर भरल्या बसमध्ये "पुढे सरका" ओरडलेला माणूस. घशाचा कॅन्सर झाला, स्वरयंत्रच काढायचं ठरलं. त्याआधी तीन आठवडे बसून आम्ही त्यांची सातशे वाक्यं रेकॉर्ड केली. पुढे एक मशीन त्यांच्याच आवाजात बोलणार होतं. "चिमणे, दप्तर कुठंय?" हे नातीसाठीचं वाक्य त्यांनी चारदा म्हटलं, मनासारखं होईना म्हणून.

ऑपरेशन झालं आणि आठव्या दिवशी आमच्या विभागाची डिस्क बंद पडली. सातशेच्या सातशे गेली.

मी पळत तळघरात गेले. ताईंनी यादी दाखवली: पांढरं. एकही प्रत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच साहेबांच्या केबिनमध्ये घुसले, तोंडाला येईल ते बोलले. साहेब म्हणतात कसे, "मग पुन्हा रेकॉर्ड करून घ्या." पुन्हा? कशानं, कपाळानं? गळ्यातून स्वरयंत्र काढलंय माणसाच्या आणि हा मेला म्हणतो पुन्हा! संध्याकाळी परिपत्रक निघालं: यापुढे आवाजाच्या सर्व फायली लाल. बैल गेला अन् झोपा केला.

रागारागात टेबल आवरायला घेतलं, तर गठ्ठ्याखालून ताईंचा फॉर्म निघाला. कोरा. भरायला पाच मिनिटं लागली असती. साहेबांना दिलेल्या सगळ्या शिव्या मग मी स्वतःला दिल्या. त्या काही कमी नव्हत्या.

ताईंनी मला शब्दानं दुखावलं नाही. दोन दिवस कानाला हेडफोन लावून बसल्या, तिसऱ्या दिवशी फोन केला, "खाली ये. काका-काकूंनाही आण." लाल तक्रारींमध्ये त्यांना काकांचा एक फोन सापडला होता, ऑपरेशनच्या आधीचा. तेवढाच आवाज जगात उरला होता. ताईंनी तो लावला.

"सकाळपासून फोन करतोय मी! तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाई नुसत्या बघते, बघते म्हणतात! कधी बघणार? माणूस गेल्यावर?"

आवाज रेकॉर्ड करायला मी वेळ देत नव्हते, त्याच्या तक्रारीचा फोन. काका खाली मान घालून ऐकत होते. काकूंनी तीनदा लावायला लावला, मग हळूच विचारलं, "ह्यातून ते 'चिमणे' काढता येईल का हो?"

"त्यात ते नाही, काकू," ताई म्हणाल्या.

काकांनी तेवढंच मशीनमध्ये भरून घेतलं. परवा ते व्यायामाला आले तेव्हा सहा वर्षांची नात बरोबर होती. तिनं बटण दाबलं, आजोबा ओरडले, ती खूश झाली. पुन्हा दाबलं. मग दारावरची 'तिसरा मजला' ही पाटी अक्षरं जुळवत वाचली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आजोबा ओरडतात त्या बाई तुम्हीच का?"

मी हो म्हटलं.